व्हॅम्पायर मालिकांतील वेशभूषा आणि प्रेमकथा: चाहत्याने विश्लेषण कसे लिहावे

व्हॅम्पायर मालिकांवर चाहते भरभरून लिहितात, पण वेशभूषा आणि प्रेम यांचा संबंध उलगडताना बहुतेकांचा क्रम चुकतो. नायकाचा काळा कोट, नायिकेचा पांढरा झगा आणि रक्ताचा लाल रंग यांची यादी आधी तयार होते, प्रत्येक रंगासमोर एक भावना लिहिली जाते, आणि अखेरीस आपली आवडती जोडीच खरी, असा निष्कर्ष निघतो. अशा लेखनात मेहनत भरपूर असते, पण अर्थ आधी ठरलेला असतो आणि पाहणे नंतर होते. त्यामुळे दुसऱ्या जोडीचा चाहता तेच पुरावे उचलून नेमके उलट सिद्ध करू शकतो.

पुढील टप्पे हा क्रम सुधारण्यासाठी आहेत. त्यांच्यामागे एकच भूमिका आहे: कपडा एकट्याने फारसे काही सांगत नाही. तो कोणी निवडला, कोणी दिला, कोणाच्या अंगावर गेला, कोणी झाकला आणि कोणी उतरवला, या व्यवहारात दोन पात्रांमधले नाते दिसते. उदाहरणे 'डार्क शॅडोज', 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर', 'ट्रू ब्लड', 'द व्हॅम्पायर डायरीज' आणि 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' या मालिकांतील आहेत. त्यांत कथानकाचे महत्त्वाचे तपशील उघड होतात, याची नोंद घ्यावी.

## टप्पा १: प्रश्न लहान करा

"व्हॅम्पायर मालिकांतील वेशभूषेतून प्रेम कसे व्यक्त होते?" हा प्रश्न एका लेखात मावणारा नाही. एक मालिका, एक जोडी आणि वेशभूषेचा एकच धागा निवडा. धागा म्हणजे एखादे वस्त्र, एखादा दागिना किंवा एखादी सवय. उसना घेतलेला कोट, उन्हापासून वाचवणारी अंगठी, दंशाची खूण झाकणारा रुमाल किंवा भेट म्हणून आलेला पोशाख हे सगळे चांगले धागे आहेत. "तिची स्टाइल" हा धागा नव्हे, कारण तो कुठेच सुरू होत नाही आणि कुठेच संपत नाही.

प्रश्न असा लिहा की त्याचे उत्तर तुमच्या मनाविरुद्धही येऊ शकेल. 'बफी'चे उदाहरण घ्या: नायिका बफी ही स्लेयर, म्हणजे व्हॅम्पायरांशी लढणारी तरुणी आहे, आणि एंजल हा तिच्या प्रेमात पडलेला व्हॅम्पायर. "एंजलचे जॅकेट हे त्याच्या खऱ्या प्रेमाचे चिन्ह कसे आहे?" या प्रश्नात उत्तर आधीच दडलेले आहे. "एंजलने दिलेले जॅकेट बफी कधी घालते, आणि त्या वेळी ती कोणता निर्णय घेत असते?" असे विचारले, तर पाहण्यासारखे काहीतरी हाती येते.

पडताळणी: निवडलेला धागा निदान चार-पाच वेगवेगळ्या प्रसंगांत दिसतो का? एकाच प्रसंगात दिसत असेल, तर तो सुंदर तपशील आहे, पण त्यावर संपूर्ण लेख उभा राहणार नाही.

## टप्पा २: कोणती प्रत पाहता आहात, हे तपासा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात आणि रंगांविषयीचे निम्मे दावे इथेच कोसळतात. एकच मालिका वेगवेगळ्या प्रतींत वेगळी दिसते. 'बफी' चौकोनी पडद्यासाठी चित्रित झाली होती. नंतर तिची जी रुंद पडद्याची उच्च-स्पष्टता प्रत आली, तिच्यात चौकट बदलली आणि काही रात्रीच्या दृश्यांवरचा रंगसंस्कार गळून पडला. त्यामुळे जो प्रसंग अंधारात घडायला हवा, तो दिवसाउजेडी घडल्यासारखा दिसतो. उन्हात व्हॅम्पायर जळतात, या नियमावर उभ्या असलेल्या मालिकेत हा किरकोळ फरक नाही. अशा प्रतीवरून एखाद्या शर्टाची छटा किंवा चेहऱ्याचा फिकेपणा ठरवला, तर तुम्ही वेशभूषाकाराचे नव्हे, पुनर्संस्काराचे विश्लेषण करत असता.

दुसरे उदाहरण अधिक ठळक आहे. 'डार्क शॅडोज' १९६६ मध्ये सुरू झाली आणि बार्नबस कॉलिन्स हा व्हॅम्पायर एप्रिल १९६७ मध्ये तिच्यात आला, तेव्हा ती कृष्णधवल होती. रंग ऑगस्ट १९६७ मध्ये आले. बार्नबस मॅगी इव्हान्सला कैद करून तिला आपल्या गतकालीन प्रेयसीचा, जोसेटचा, वधूवेश घालायला लावतो, तो कथाभाग रंग येण्यापूर्वीचा आहे. त्या पोशाखाच्या रंगावर बांधलेला कोणताही तर्क मूळ पडद्यावर दिसलेल्या गोष्टीवर आधारलेला नसतो. तिथे कापडाची चमक, लेस, बुरख्याची पारदर्शकता आणि प्रकाश-छाया यांविषयीच बोलता येते, आणि ते पुरेसे समृद्ध आहे.

सावधान: प्रसिद्धीसाठी काढलेली छायाचित्रे पुरावा म्हणून वापरू नका. त्यांतला पोशाख, केशरचना आणि दोघांमधली जवळीक प्रत्यक्ष भागात कधीच नसू शकते.

## टप्पा ३: तीन वेळा, तीन प्रकारे पाहा

पहिल्यांदा फक्त कथेसाठी पाहा आणि काहीही लिहू नका. दुसऱ्यांदा आवाज बंद ठेवून पाहा. संवाद नसले की हात कुठे जातात, कोण कोणाच्या कॉलरला स्पर्श करतो, कोण दारात थांबतो आणि कोण कोट न काढताच बसतो, हे आपोआप दिसू लागते. तिसऱ्यांदा आवाज लावून पाहा आणि कपड्यांविषयी पात्रे स्वतः काय बोलतात, तेवढेच टिपा.

हा क्रम उलटा करू नका. आवाजासह आधी बारकाईने पाहिले की पार्श्वसंगीत अर्थ सांगून टाकते. व्हायोलिन वाजले म्हणून जो कोट हळवा वाटला, तोच आवाज बंद केल्यावर धमकावणारा वाटू शकतो. दोन्ही निरीक्षणे मोलाची आहेत, मात्र ती वेगवेगळी नोंदवली गेली पाहिजेत.

## टप्पा ४: नोंदवही तयार करा

सर्वाधिक वेळ इथे द्यावा. एका कागदावर किंवा तक्त्यात पुढील रकाने आखा: पर्व व भाग, प्रसंगाची वेळ, पात्र, वस्त्राचे वर्णन, मानेची स्थिती, वस्त्राची अवस्था, ते कोणाकडून आले, समोर कोण आहे, आणि प्रसंगानंतर वस्त्राचे काय झाले. "अर्थ" असा रकाना ठेवू नका. तो ठेवला की बाकीचे रकाने त्याच्या सोयीने भरले जातात.

वस्त्राचे वर्णन करताना "काळा कोट" एवढ्यावर थांबू नका. लांबी किती, कापड कोणते दिसते, अंगाला घट्ट आहे की सैल, बंद कसे होते, बाह्या कुठवर येतात, हे लिहा. रात्रीच्या दृश्यांत काळ्या पार्श्वभूमीवर काळे कापड विरून जाते. चामडे, मखमल किंवा रेशीम प्रकाश वेगवेगळ्या तऱ्हेने परतवतात, म्हणून अशा मालिकांत रंगापेक्षा पोत अधिक बोलतो. दोन काळे कोट एकमेकांसारखे नसतात, हे नोंदीतून दिसले पाहिजे.

मानेसाठी स्वतंत्र रकाना का, असा प्रश्न पडेल. इतर प्रेमकथांमध्ये मान हा देहाचा एक भाग असतो. इथे मात्र प्रेम, भूक आणि मृत्यू हे तिन्ही त्याच जागी येऊन मिळतात. उंच कॉलर, गळ्यातली साखळी, सोडलेले किंवा वर बांधलेले केस आणि गुंडाळलेला रुमाल या चारही गोष्टी तिथे पोहोचण्याची वाट उघडतात किंवा अडवतात. 'बफी'च्या पाचव्या पर्वाच्या पहिल्या भागात ड्रॅक्युलाने चावा घेतल्यानंतर बफी गळ्यात रुमाल बांधून खूण झाकते. रुमाल जेमतेम वितभर कापडाचा, पण तिच्या प्रियकरापासून, रायलीपासून, काय लपवले जात आहे हे त्यातूनच कळते. 'द व्हॅम्पायर डायरीज'मध्ये स्टेफन हा व्हॅम्पायर एलेना या शाळकरी मुलीला जी गळ्यातली माळ देतो, तिच्यात व्हर्वेन ही वनस्पती असते, आणि ती व्हॅम्पायरांच्या मनावर ताबा मिळवण्याच्या शक्तीपासून तिचे रक्षण करते. देताना तो खरे कारण सांगत नाही. दागिना, संरक्षण आणि लपवाछपवी हे तिन्ही एकाच वस्तूत आहेत. मानेचा रकाना नसता, तर ही नोंद "सुंदर माळ" एवढीच राहिली असती.

यानंतर प्रत्येक पात्राचा नेहमीचा वेश ठरवा. अपवाद ओळखण्यासाठी आधी नियम माहीत असावा लागतो. 'ट्रू ब्लड'मधली सूकी स्टॅकहाउस मर्लॉट्स या खानावळीत काम करते. पांढरा टी-शर्ट आणि काळी आखूड चड्डी हा तिचा कामावरचा गणवेश आहे. पहिल्या पर्वात ती पांढऱ्या झग्यात रात्रीच्या अंधारातून बिल कॉम्प्टन या व्हॅम्पायरकडे धावत जाते, तो प्रसंग चाहत्यांच्या मनात ठसलेला आहे आणि त्यावर "पांढरा म्हणजे निरागसता" असे हमखास लिहिले जाते. पण पांढरा रंग तर ती रोज कामावरही घालते. बदलते ते दुसरेच काही: रोजच्या गणवेशाची लांबी, घट्टपणा आणि कोणासमोर वावरायचे हे नोकरीने ठरवलेले असते, तर त्या रात्री ती स्वतः निघते, स्वतः धावते आणि कोणाकडे जायचे हे स्वतः ठरवते. नेहमीचा वेश नोंदवलेला असेल, तरच हा फरक दिसतो.

पडताळणी: नोंदवही मालिका न पाहिलेल्या मित्राला द्या. केवळ वर्णनावरून त्याला पोशाखाचे ढोबळ चित्र काढता आले पाहिजे. त्याला "रोमँटिक", "गूढ" असे शब्द सापडले, तर ते खोडून त्यांच्या जागी दिसलेला तपशील लिहा.

## टप्पा ५: देवाणघेवाणीचा माग काढा

आता प्रत्येक नोंदीला चार प्रश्न विचारा. हे वस्त्र कोणी निवडले? ते घालणाऱ्याला नाकारता आले असते का? ते घातल्यावर कोणाचे बळ वाढले? आणि ते अंगावरून उतरले, तेव्हा कोणाच्या इच्छेने?

या प्रश्नांची ताकद एका साध्या तुलनेत दिसते. पोशाख भेट देणे हा प्रेमकथेतला घासून गुळगुळीत झालेला प्रसंग आहे. बार्नबस मॅगीला जोसेटचा वेश देतो, तेव्हा ती कैदेत आहे. तिने स्वतःचे नाव विसरून दुसरीचे घ्यावे, एवढ्यासाठीच तो पोशाख आहे. 'द व्हॅम्पायर डायरीज'च्या तिसऱ्या पर्वात क्लाउस हा व्हॅम्पायर एलेनाची मैत्रीण कॅरोलाइन हिला मेजवानीच्या निमंत्रणासोबत निळा गाऊन पाठवतो. तिला नकाराचा पर्याय आहे, तिची पहिली प्रतिक्रियाही नकाराचीच असते, आणि नंतर ती स्वतः जायचे ठरवते. तरीही देणारा हजार वर्षांचा आहे, त्याने तिच्या जवळच्या माणसांना दुखावले आहे, आणि तिने कसे दिसावे हे त्याने ठरवले आहे. दोन्ही प्रसंगांना "भेट" म्हटले की हा सारा फरक पुसला जातो, आणि दुसऱ्याला "पहिल्याइतकेच वाईट" म्हटले तरी तो पुसला जातोच. दोन्ही बाजूंच्या चाहत्यांकडून हीच चूक होते.

'बफी'च्या पहिल्या पर्वाचा शेवट या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. मास्टर या व्हॅम्पायरप्रमुखाशी सामना करायला निघालेल्या बफीच्या अंगावर आईने आणलेला पांढरा पोशाख आहे, आणि त्यावर एंजलने पूर्वी दिलेले चामडी जॅकेट आहे. दोन माणसांनी दोन वेगळ्या इच्छांनी दिलेल्या वस्तू ती एकत्र घालते. आईला ती नृत्यसमारंभाला जाणारी मुलगी वाटते, एंजलला ती थंडीत कुडकुडणारी वाटली होती. त्या दोन्ही वस्तू अंगावर घेऊन ती जिथे निघाली आहे, तिथे तिला यांपैकी कोणीही पाठवलेले नाही. जॅकेटला केवळ "एंजलचे प्रेम" म्हणणाऱ्याच्या लेखात आईचा पोशाख कुठेच येत नाही, आणि माझ्या मते त्या दृश्याचा अर्धा जीव तिथेच निसटतो.

त्याच मालिकेच्या दुसऱ्या पर्वातला हॅलोवीनचा भाग तर या टप्प्याचा जणू धडाच आहे. एंजलच्या काळातल्या स्त्रिया त्याला आवडत असतील असे समजून बफी अठराव्या शतकातल्या खानदानी स्त्रीचा भरजरी पोशाख दुकानातून आणते. जादूमुळे ज्याने जो वेश घातला, तो तसाच बनतो, आणि बफी खरोखरच भित्री, असहाय स्त्री होते. शेवटी एंजल सांगतो की त्या काळातल्या त्या स्त्रिया त्याला कंटाळवाण्या वाटत असत. म्हणजे पोशाख तिने निवडला, पण त्याच्या आवडीविषयीच्या अंदाजाने निवडला, आणि तो अंदाज चुकीचा होता. इथे देणारा कोणीच नाही, तरीही दबाव आहे. चारपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दर वेळी एका नावात बसत नाही, हे या भागावरून समजून घ्यावे.

वयाचा प्रश्न इथेच घ्या, पुढे ढकलू नका. कथेनुसार एंजल १७५३ मध्ये व्हॅम्पायर झाला आणि बफी त्याला भेटते तेव्हा सोळा वर्षांची आहे. स्टेफन आणि त्याचा भाऊ डेमन १८६४ पासून व्हॅम्पायर आहेत आणि एलेना शाळेत शिकते आहे. वेशभूषा हे अंतर बहुधा झाकते: शतकांचा अनुभव असलेल्या पुरुषाला समवयस्क तरुणाचे जॅकेट आणि टी-शर्ट घातले की पाहणाऱ्याला दोघे शोभून दिसतात. चाहता म्हणून ती जोडी तुम्हाला आवडत असेल, तर आवडू द्या, परंतु वेशभूषा त्या आवडीसाठी नेमके काय लपवते आहे, हे लेखात लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सावधान: मनावर ताबा मिळवण्याची शक्ती, कैद किंवा फसवणूक असलेल्या प्रसंगात "ती लाजली", "ती विरघळली" अशी वर्णने टाळा. काय दिसले ते लिहा, आणि त्या क्षणी तिला निवड होती की नाही हे शेजारी स्पष्ट नोंदवा.

## टप्पा ६: दोन कालरेषा वेगळ्या आखा

व्हॅम्पायर कथेत भूतकाळ नेहमी नंतर उघड होतो. त्यामुळे एका वस्त्राच्या दोन कालरेषा असतात: कथेत ते वस्त्र कधी कोणाकडे होते, आणि प्रेक्षकाला ते कधी कळले.

'बफी'मधल्या स्पाइक या व्हॅम्पायरचा लांब चामडी कोट हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. १९९७ मध्ये तो पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हापासून कोट त्याच्या अंगावर आहे आणि चाहत्यांना तो बंडखोर देखणेपणाचे चिन्ह वाटतो. २००० साली पाचव्या पर्वात कळते, की १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत निकी वुड या स्लेयरला ठार मारून त्याने तो तिच्या अंगावरून काढून घेतला होता. सहाव्या पर्वात बफीवर बळजबरीचा प्रयत्न केल्यानंतर तो तिच्या घरातून जातो, तेव्हा कोट मागे राहतो. सातव्या पर्वात तो पुन्हा कोट चढवतो, आणि त्याच पर्वात निकीचा मुलगा रॉबिन वुड त्याच्यासमोर उभा ठाकतो.

कथेच्या क्रमाने लिहिले, तर कोट पहिल्यापासून एका मृत स्त्रीचा आहे. प्रेक्षकाच्या क्रमाने लिहिले, तर तो आधी मोहक आहे आणि मग त्या मोहाचा जाब विचारणारा आहे. चाहत्याचा अनुभव दुसऱ्या क्रमात घडतो, म्हणून लेखाचा कणा त्याच क्रमाने उभा करावा. पहिला क्रम शेजारी ठेवावा. दोन्ही मिसळले की पहिल्या भेटीतल्या कोटावर नंतरचे पाप लादले जाते, किंवा नंतरचे पाप पहिल्या भेटीच्या आकर्षणात विरघळते. मधल्या कोटविरहित भागांचीही नोंद करा. अंगावर नसलेले वस्त्र हाही पुरावा असतो, आणि तोच सर्वाधिक निसटतो.

कथन करणारा कोण आहे, हेही याच टप्प्यात तपासा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' मालिकेत १९१० पासूनचा न्यू ऑर्लिन्समधला काळ आपण लुई या व्हॅम्पायरच्या आठवणीतून पाहतो, आणि दुसऱ्या पर्वात काही प्रसंग निराळ्या आठवणीतून पुन्हा समोर येतात. लुईचा प्रियकर लेस्टाट याच्या अंगावरचा पोशाख त्या रात्री खरोखर तसाच होता, की लुईला तो तसा आठवतो? उत्तर मिळणार नाही, परंतु वाक्य कसे लिहायचे ते यावरून ठरते. "लेस्टाट असा सजून येतो" आणि "लुईच्या कथनात लेस्टाट असा सजून येतो" या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. शिवाय पहिल्या पर्वभर रशीद नावाचा मानवी सेवक म्हणून वावरणारी व्यक्ती म्हणजे लुईचा व्हॅम्पायर जोडीदार आर्मांड निघतो. सेवकाचा वेश हाच तिथे नात्याचा पडदा होता. तो उलगडा झाल्यावर आधीच्या सर्व भागांची नोंदवही पुन्हा भरावी लागते, आणि ती भरावीच.

## टप्पा ७: दावा कोणत्या प्रकारचा, ते चिन्हांकित करा

लेखातले प्रत्येक विधान चारपैकी एका गटात टाका: पडद्यावर दिसले, पात्राने बोलून दाखवले, वेशभूषाकाराने किंवा निर्मात्याने जाहीरपणे सांगितले, मला असे वाटते. चार रंगांच्या पेन्सिली पुरतात. चौथा गट मोठा असण्यात काही गैर नाही, कारण विश्लेषण त्यातच असते. गैर आहे ते चौथ्या गटातले विधान तिसऱ्याच्या भाषेत लिहिणे. "वेशभूषाकाराने मुद्दाम लाल निवडला" हे वाक्य मुलाखत हाती नसेल, तर लिहू नये. "लाल रंगामुळे ती या गर्दीत वेगळी दिसते" हे लिहावे.

पडद्यामागची कारणेही डोळ्यांआड करू नयेत. झटापटीच्या दृश्यांसाठी आणि स्टंट करणाऱ्यांसाठी एकाच पोशाखाच्या अनेक प्रती लागतात. रक्ताचे डाग आणि फाटलेपणा टप्प्याटप्प्याने दाखवण्यासाठीही लागतात, आणि दृश्ये कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. त्यामुळे एका शॉटमध्ये वर गेलेली बाही ही बहुधा चूक असते, संकेत नव्हे. पात्राला वय नसते, पण अभिनेत्याला असते, म्हणून अनेक वर्षे चाललेल्या मालिकेत कपड्यांचा आणि केसांचा बदल कधी कधी तेवढ्याचसाठी असतो.

पोशाख कोणत्या कंपनीचा आहे हे शोधून काढणे कौतुकास्पद आहे, मात्र ते विश्लेषणाच्या जागी चालत नाही. मूळ कादंबरीतला तपशीलही मालिकेचा पुरावा म्हणून वापरू नका. 'इंटरव्ह्यू'च्या कादंबरीतली क्लॉडिया, लहानपणीच व्हॅम्पायर झालेली मुलगी, पाच वर्षांची आहे, मालिकेतली चौदा वर्षांची. मालिकेत पॅरिसच्या रंगमंचावर तिला लहान बाळाचा वेश चढवून नाचवले जाते. त्या सक्तीची बोच चौदा वर्षांच्या देहात अडकलेल्या, मनाने प्रौढ झालेल्या स्त्रीची आहे. आणि तिला जिच्यात सोबत सापडते ती मॅडलेन मालिकेत शिवणकाम करणारी आहे, म्हणजे तिच्या मापाचे कपडे बेतू शकणारी. कादंबरीतली क्लॉडिया डोळ्यांसमोर ठेवली, तर हा संबंध जुळत नाही.

सावधान: कलाकारांची प्रत्यक्ष आयुष्यातली मैत्री किंवा नाते कोणत्याही गटात बसत नाही. ते लेखातून पूर्ण वगळा.

## टप्पा ८: इतर चाहत्यांची मते नीट घ्या

स्वतःचे पाहणे पूर्ण झाल्यावरच दुसऱ्यांना विचारा. आपल्या जोडीला न मानणाऱ्या निदान दोन जणांना विचारा, आणि "तुला हे दृश्य कसे वाटले?" असे न विचारता "या दृश्यात तुला कोणता कपडा आठवतो?" असे विचारा. आठवणीतला तपशील मतापेक्षा खरा असतो, आणि तो चुकीचा आठवला असेल, तर ती चूकही अर्थपूर्ण असते.

ज्यांनी तो पोशाख स्वतः शिवून घातला आहे, त्यांना आवर्जून विचारा. लांब कोटात पायऱ्या चढताना काय होते, घट्ट चोळीत श्वास किती पुरतो, उंच कॉलरने मान किती वळते, हे पडद्यासमोर बसणाऱ्याला कळत नाही. पळून जाण्याच्या प्रसंगात नायिकेच्या अंगावर पळता येण्याजोगा पोशाख होता का, या एका प्रश्नाचे त्यांचे उत्तर पानभर तर्कांपेक्षा उपयोगी पडते. कोणाचेही शब्द उद्धृत करण्याआधी परवानगी घ्या, आणि दोघा-चौघांच्या बोलण्यावरून "चाहत्यांना असे वाटते" असे लिहू नका.

## टप्पा ९: लेख बांधा

सुरुवात एका प्रसंगाच्या नेमक्या वर्णनाने करा, आणि त्यात अर्थ मिसळू नका. त्यानंतर नेहमीचा वेश, मग देवाणघेवाणीचे प्रसंग प्रेक्षकाला कळलेल्या क्रमाने, आणि मग तुमचे वाचन. तुमच्या वाचनाला बसत नाही असा एक तरी प्रसंग पूर्ण वजनाने मांडा. तो सापडत नसेल, तर नोंदवहीकडे परत जा, कारण बहुधा तो वगळला गेलेला असतो.

भाग आणि पर्व प्रत्येक उदाहरणासोबत द्या, म्हणजे वाचकाला स्वतः पाहता येईल. कथानक उघड होणार असेल, तर ते सुरुवातीलाच सांगा. बळजबरी किंवा हिंसेच्या प्रसंगाविषयी लिहिणार असाल, तर त्याचीही पूर्वसूचना द्या.

शेवटची पडताळणी: पूर्ण मसुद्यातून रंगांची सगळी नावे तात्पुरती खोडा आणि लेख पुन्हा वाचा. युक्तिवाद उभा राहत असेल, तर रंग परत भरा आणि लेख वाचकांसमोर ठेवा. तो कोसळत असेल, तर पाचव्या टप्प्यातले चार प्रश्न पुन्हा घेऊन बसा.